शाळेची सुटी आणि विमानाचें भाडें

विमानाच्या इतिहासावर बोलावयाचें म्हटलें म्हणजे राइट बंधूंपासून आरंभ करण्याची रीत आहे. यंत्रें कशीं सुधारत गेलीं, वेग कसा वाढला, समुद्र प्रथम कोणी ओलांडला, हें सांगण्यांत वक्त्याचा सारा वेळ जातो. आणि त्या यंत्रांत बसण्यासाठीं सामान्य गृहस्थास काय मोजावें लागलें, हा प्रश्न तसाच राहून जातो. आज मला त्या राहून गेलेल्या प्रश्नाविषयीं, आणि त्यांतहि त्याच्या एका विशिष्ट अंगाविषयीं बोलावयाचें आहे. लंडनहून मुंबईस येणारें तेंच विमान, तीच खुर्ची, तेंच जेवण. परंतु शाळा चालू असतांना त्या खुर्चीचें जें भाडें असतें, तें शाळांना सुटी लागतांच कधीं दीडपट तर कधीं दुप्पट होऊन बसतें. मुलें ज्या दिवशीं मोकळीं होतात, नेमकें त्याच दिवशीं आकाश महाग होतें. हें कां व्हावें? यांत कोणाचा लोभ आहे, कीं कांहीं नियम आहे? आणि मुलाबाळांच्या संसारी माणसानें यांतून वाट कशी काढावी?

या प्रश्नाचें उत्तर एका इतिहासांत सांपडत नाहीं. विमानभाड्याचा इतिहास, तिकीटविक्रीच्या गणिताचा इतिहास आणि शाळेच्या सुटीचा इतिहास, असे तीन इतिहास एकत्र वाचावे लागतात. ते निरनिराळ्या ठिकाणीं सुरू झाले आणि गेल्या पन्नास वर्षांत एकमेकांस येऊन मिळाले.

आरंभीच्या काळीं हा प्रश्न उद्भवलाच नव्हता. सन १९२९ च्या मार्च महिन्याच्या ३० तारखेस इंपीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीनें इंग्लंड ते हिंदुस्थान अशी नियमित हवाई सेवा सुरू केली. लंडनजवळच्या क्रॉयडनहून स्वित्झर्लंडमधील बाझलपर्यंत विमान, बाझलहून जिनोवापर्यंत आगगाडी, तेथून अलेक्झांड्रियापर्यंत पाण्यावर उतरणारें विमान आणि पुढें कराचीपर्यंत पुनः निराळें विमान, असा तो सात दिवसांचा प्रवास असे. भाडें १३० पौंड होतें. या सेवेचा मुख्य आधार टपाल हा होता. उतारू हा टपालाच्या पिशव्यांचा सोबती. सन १९३२ च्या ऑक्टोबर महिन्याच्या १५ तारखेस जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईच्या जुहू येथें जें लहानसें विमान आणून उतरविलें, त्यांतहि टपालच होतें.

पुढें स्वातंत्र्यानंतर, १९४८ च्या जून महिन्याच्या ८ तारखेस, एअर इंडिया इंटरनॅशनलचें ‘मलबार प्रिन्सेस’ हें विमान मुंबईहून कैरो आणि जिनीव्हा या मार्गानें लंडनला निघालें. त्यांत पस्तीस उतारू होते आणि त्या काळच्या जाहिरातींत भाडें १,७२० रुपये दिलेलें आढळतें. ज्या काळीं मध्यमवर्गीय घरांत सबंध महिन्याचा संसार शेंदीडशें रुपयांत उरकत असे, त्या काळीं ही रक्कम म्हणजे एका वर्षाची कमाई होती. ज्यास ती परवडे, त्यास मे महिना आणि नोव्हेंबर महिना सारखाच. संस्थानिक, व्यापारी, सरकारी अधिकारी आणि वकील यांचीं कामें शाळेच्या घंटेवर चालत नसत.

विमान आणि शाळेची सुटी यांची प्रथम गांठ पडली ती इंग्रज अधिकाऱ्यांच्या मुलांमुळें. साम्राज्याच्या दूरदूरच्या प्रदेशांत नोकरी करणारे आईबाप आपलीं मुलें इंग्लंडमधील वसतिगृहाच्या शाळांत ठेवीत. आगबोटींच्या काळांत अशीं मुलें वर्षानुवर्षें आईबापांना पहात नसत. १९५० नंतरच्या दशकांत बी.ओ.ए.सी. ही ब्रिटिश सरकारी कंपनी सुटीच्या आरंभीं मुलांनीं भरलेलीं विमानें सोडूं लागली. कर्मचारी त्यांस विनोदानें ‘लॉलिपॉप स्पेशल’ म्हणत. १९५७ पासून या कंपनीनें मुलांसाठीं एक मंडळच काढलें; त्याच्या वहींत प्रत्येक प्रवासाचे मैल लिहून त्यावर वैमानिकाची सही मिळत असे. सुटी ही विमान कंपनीच्या दृष्टीनें एक स्वतंत्र हंगाम आहे, याची ती पहिली खूण होय. परंतु त्या हंगामासाठीं मुलांचें भाडें वाढत नसे. कारण भाडें वाढविण्याची मुभा कंपनीला नव्हतीच.

ही गोष्ट आज अनेकांस ठाऊक नसते. सन १९४५ च्या एप्रिल महिन्यांत क्यूबांतील हवाना येथें विमान कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तीस तिच्या आद्याक्षरांवरून ‘आयाटा’ म्हणतात. युद्धोत्तर काळांत कोणत्या मार्गावर किती भाडें असावें, हें या संघटनेच्या परिषदांत सर्व कंपन्या मिळून ठरवीत आणि त्यावर निरनिराळीं सरकारें संमतीचा शिक्का मारीत. कोणत्याहि कंपनीच्या खिडकीवर गेलें तरी भाव एकच. त्या नियमांत मुलांना एक मोठी सवलत होती. दोन वर्षांखालील तान्ह्या मुलास दहावा हिस्सा आणि त्यापुढें बारा वर्षांपर्यंतच्या मुलास निम्में भाडें. आईबाप आणि दोन मुलें म्हणजे तीन तिकिटें, असा सरळ हिशेब असे.

भाडें ठरलेलें होतें, पण तें महाग होतें. तें खालीं आणण्याचे प्रयत्न दोन बाजूंनीं झाले. एक बाजू संघटनेच्या आंतली. १९५२ च्या मे महिन्याच्या १ तारखेपासून उत्तर अटलांटिक मार्गावर ‘टूरिस्ट’ नांवाचा वर्ग सुरू झाला. न्यूयॉर्क ते लंडन पहिल्या वर्गाचें एकेरी भाडें ३९५ डॉलर होतें, तें या वर्गांत २७० डॉलर झालें. १९५८ मध्यें त्याहून स्वस्त असा ‘इकॉनॉमी’ वर्ग आला आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत अटलांटिकवर जेट विमानें उडूं लागलीं. दुसरी बाजू संघटनेच्या बाहेरची. आइसलंड या लहानशा देशाची लॉफ्टलायडिर ही कंपनी आयाटाच्या नियमांत नव्हती. ती जुनीं, पंख्याचीं, सावकाश जाणारीं विमानें वापरी, आपल्या बेटावर मुक्काम घेई आणि इतरांहून कमी पैशांत उतारू पोहोंचवी. युरोप पाहूं इच्छिणारे अमेरिकन विद्यार्थी तिच्यावर तुटून पडत. वेळ दिला कीं पैसा वांचतो, हा स्वस्त प्रवासाचा पहिला नियम तिनें शिकविला. आणि तो आजहि खोटा ठरलेला नाहीं.

आणखी एक मार्ग होता, तो मात्र गमतीचा. सबंध विमान भाड्यानें घेऊन तें एखाद्या संस्थेच्या सभासदांनीं भरण्यास नियमांनीं परवानगी होती. परंतु ती संस्था प्रवासासाठींच निघालेली नसावी आणि सभासद निदान सहा महिन्यांचा जुना असावा, अशी अट असे. मग काय विचारतां! ज्यांनीं जन्मांत कधीं बाग केली नव्हती ते उद्यानप्रेमी मंडळांचे सभासद झाले आणि ज्यांना बुद्धिबळाचीं घरें मोजतां येत नव्हतीं ते बुद्धिबळ मंडळांत शिरले. मागील तारखांच्या पावत्या फाडल्या जाऊं लागल्या. अधिकाऱ्यांनीं विमानतळावर सभासदत्वाची चौकशी करून कित्येकांना परत पाठविलें. शेवटीं १९७३ मध्यें हा देखावा बंद करून, पुष्कळ दिवस आधीं पैसे भरणाऱ्या कोणासहि अशा विमानांतून जातां येईल, असा नियम झाला. सभासदत्वाच्या अटीची जागा आगाऊ खरेदीच्या अटीनें घेतली. इतिहासाच्या दृष्टीनें हें वळण महत्त्वाचें आहे. कारण आज आपण जी तिकीटविक्री पाहतों तिचें बीज येथें पडलें.

आतां दुसऱ्या इतिहासाकडे वळूं. सन १९७० च्या जानेवारी महिन्याच्या २२ तारखेस पॅन अमेरिकन कंपनीचें बोइंग ७४७ हें प्रचंड विमान न्यूयॉर्कहून लंडनला आलें. पुढच्याच वर्षीं एअर इंडियाचें ‘एम्परर अशोक’ हें त्याच जातीचें विमान मुंबईस उतरलें. एका विमानांत तीनशेंहून अधिक माणसें बसूं लागलीं. कंपन्यांपुढें नवीन अडचण उभी राहिली, ती म्हणजे खुर्च्या भरावयाच्या कशा? मंडईंतील भाजी सायंकाळीं उतरत्या भावानें विकतां येते, न खपली तर दुसऱ्या दिवशीं अर्ध्या किंमतीस जाते. परंतु उडालेल्या विमानांतील रिकामी खुर्ची पुनः कधींहि विकतां येत नाहीं. ती स्वस्तांत विकावी, तर ऐन वेळीं पूर्ण भाडें देणारा व्यापारी येतो आणि त्यास जागा उरत नाहीं. ती राखून ठेवावी, तर तो येत नाहीं आणि खुर्ची रिकामी जाते.

बी.ओ.ए.सी. कंपनी त्या सुमारास, प्रवासापूर्वीं निदान एकवीस दिवस तिकीट काढणारास कमी भाडें देऊं लागली होती. अशा सवलतीच्या खुर्च्या किती ठेवाव्या, याचें गणित याच कंपनींतील केनेथ लिटलवुड यांनीं १९७२ मध्यें मांडलें. तें समजण्यास मोठ्या विद्वत्तेची गरज नाहीं. शाळेंतील अपूर्णांक येत असले म्हणजे पुरे. समजा, स्वस्त तिकीट वीस हजारांचें आणि पूर्ण भाड्याचें पन्नास हजारांचें आहे. समोर आज वीस हजार देणारा गिऱ्हाईक उभा आहे. त्यास खुर्ची द्यावी कीं नाहीं? लिटलवुड म्हणतात, ती खुर्ची पुढें पन्नास हजारांस जाण्याचा संभव किती, हें पहा. वीस भागिले पन्नास म्हणजे दोन पंचमांश. संभव दहांत चारांहून कमी असेल तर आजच वीस हजार घ्या. अधिक असेल तर गिऱ्हाइकास नम्रपणें ‘स्वस्त जागा संपल्या’ असें सांगा.

श्रोतेहो, शाळेच्या सुटींतील महागाईचें मूळ या एका वाक्यांत आहे. फेब्रुवारींतल्या एखाद्या मंगळवारीं ती खुर्ची पूर्ण भाड्यास जाण्याचा संभव कमी. म्हणून स्वस्त जागा प्रवासाच्या जवळपासपर्यंत उघड्या राहतात. इंग्लंडमधील शाळा ज्या आठवड्यांत बंद होतात त्या आठवड्यांतील शनिवारीं तोच संभव जवळजवळ खात्रीचा होतो. म्हणून स्वस्त जागा कित्येक महिने आधींच बंद होतात, किंवा उघडल्याच जात नाहींत. कोणी मुद्दाम मुलांवर कर बसवीत नाहीं. ज्यांस तारीख बदलतां येत नाहीं अशीं हजारों कुटुंबें एकाच दाराशीं एकाच वेळीं येऊन उभीं राहतात, आणि दारावरचें गणित तें ओळखतें.

या गणितास दोन गोष्टींनीं बळ दिलें. पहिली, संगणक. अमेरिकन एअरलाइन्सनें आय.बी.एम.च्या साहाय्यानें ‘सेबर’ नांवाची जागा राखण्याची यंत्रणा उभारली होती. १९६४ पर्यंत ती संपूर्णपणें चालू झाली. दुसरी, भाड्यांवरील सरकारी बंधनें सुटणें. १९७८ च्या ऑक्टोबर महिन्याच्या २४ तारखेस अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांनीं अंतर्गत विमानवाहतूक निर्बंधमुक्त करणाऱ्या कायद्यावर सही केली आणि त्याचे पडसाद हळूहळू आंतरराष्ट्रीय मार्गांवरहि उमटले. १९८५ च्या जानेवारींत रॉबर्ट क्रँडल यांच्या अमेरिकन एअरलाइन्सनें, आगाऊ खरेदीच्या अटीवर अतिशय स्वस्त भाडीं जाहीर केलीं आणि प्रत्येक विमानांत अशा जागा किती, हें संगणकाकडे सोंपविलें. तेव्हांपासून एकाच रांगेंतील तीन शेजाऱ्यांनीं तीन निरनिराळीं भाडीं दिलेलीं असणें, ही नित्याची गोष्ट झाली.

मधल्या काळांत एक निराळा प्रयोग झाला, त्याचा उल्लेख केल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. सर फ्रेडी लेकर या इंग्रज गृहस्थानें १९७७ च्या सप्टेंबर महिन्याच्या २६ तारखेस ‘स्कायट्रेन’ सुरू केली. लंडन ते न्यूयॉर्क ५९ पौंड. जागा आधीं राखून मिळावयाची नाहीं. त्या दिवशीं रांगेंत उभें राहावें आणि मिळाली तर जावें. आगगाडीप्रमाणें विमान, अशी ती सरळ कल्पना होती. लोकांनीं ती उचलून धरली. परंतु उन्हाळ्याच्या सुटींत तिकिटांसाठीं लांबच लांब रांगा लागल्या. एकट्या तरुणास रांगेंत रात्र काढतां येते. कडेवर मूल आणि हातांत पिशव्या असलेल्या आईस तें कसें जमावें? १९८२ च्या फेब्रुवारी महिन्याच्या ५ तारखेस ती कंपनी बुडाली. स्कायट्रेननें एक धडा मागें ठेवला. जागा थोड्या आणि माणसें फार असलीं म्हणजे वाटणी करण्याचे दोनच मार्ग उरतात, पैसा किंवा रांग. पैशाच्या मार्गानें गरीब मागें पडतो आणि रांगेच्या मार्गानें लेंकुरवाळा मागें पडतो. भाड्यास कायद्यानें मर्यादा घाला, अशी मागणी जे करतात त्यांनीं हा दुसरा अर्धा भाग ध्यानांत घ्यावा.

या सर्व उलाढालींत लहान मुलाची जुनी सवलत हळूहळू झिजली. स्वस्त भाड्यांस जुने नियम लागू नव्हते. निम्मा उतारू पाऊण झाला आणि पुष्कळ ठिकाणीं पुरा झाला. ब्रिटननें १९९४ च्या नोव्हेंबरपासून विमानप्रवासावर कर बसविला, त्यांतूनहि मुलें प्रथम सुटलीं नव्हतीं. इकॉनॉमी वर्गांत बसणाऱ्या बारा वर्षांखालील मुलांस २०१५ च्या मे महिन्यापासून आणि सोळा वर्षांखालील मुलांस २०१६ च्या मार्चपासून ती माफी मिळाली. भाड्याच्या मानानें ती रक्कम लहान आहे. तथापि मूल हें पूर्ण उतारू नव्हे, हें तत्त्व एका सरकारनें तरी पुनः मान्य केलें.

आतां तिसरा इतिहास, शाळेच्या सुटीचा. गर्दी टाळण्यासाठीं सुट्या निरनिराळ्या वेळीं घ्याव्या, ही कल्पना नवी नाहीं. इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यांतील कापडगिरण्यांच्या गांवांत प्रत्येक गांवाचा ‘वेक्स’ नांवाचा स्वतःचा सुटीचा आठवडा असे. त्या आठवड्यांत बोल्टनच्या गिरण्या बंद, तर ओल्डहॅमच्या चालू. पुढें ओल्डहॅमच्या बंद, तर तिसऱ्या गांवच्या चालू. सबंध गांव समुद्रकांठच्या ब्लॅकपूलला लोटे आणि आठवड्यानें परत येई. त्याच्या जागीं दुसरें गांव येई. ब्लॅकपूलच्या खाणावळी सबंध उन्हाळा भरलेल्या असत आणि गर्दी मात्र विभागली जाई. गिरण्या गेल्या तशी ही व्यवस्थाहि गेली. तिचा एक अवशेष लेस्टर शहरीं दिसतो. तेथील मोजे-बनियनच्या कारखान्यांची सुटी जुलैच्या आरंभीं असे, म्हणून तेथील शाळा परंपरेनें इंग्लंडमधील इतर शाळांच्या आधीं बंद होत आल्या आहेत. लेस्टरमध्यें हिंदी वंशाच्या लोकांची, विशेषतः गुजराती कुटुंबांची, मोठी वस्ती आहे. मायदेशीं येणाऱ्या त्या कुटुंबांस कारखान्यांच्या या जुन्या पंचांगाचा लाभ अनायासें मिळाला. स्कॉटलंडमधील शाळाहि जूनच्या अखेरीस बंद होऊन ऑगस्टच्या मध्यास उघडतात.

जर्मनीनें हीच गोष्ट विचारपूर्वक केली. तेथील घटक राज्यांनीं १९६४ च्या हॅम्बुर्ग येथील करारान्वयें उन्हाळ्याच्या सुट्या जुलैच्या आरंभापासून सप्टेंबरच्या दहा तारखेपर्यंतच्या काळांत राज्यवार विभागून घेण्याचें ठरविलें. फ्रान्समध्यें हिवाळ्यांतील व वसंतांतील सुट्यांसाठीं देशाचे तीन विभाग केलेले आहेत. रस्ते, आगगाड्या, खाणावळी आणि विमानें या सर्वांवरील ताण त्यामुळें पसरतो.

इंग्लंडचें शालेय पंचांग मात्र बव्हंशीं एकसारखेंच राहिलें. जुलैच्या चौथ्या आठवड्यापासून सुमारें सहा आठवडे सुटी, आणि त्यावर कडक कायदा. पूर्वीं मुख्याध्यापकांस सत्राच्या मध्यें वर्षांतून दहा दिवसांपर्यंत कौटुंबिक सहलीसाठीं रजा देतां येत असे. २०१३ च्या सप्टेंबरपासून ही मुभा काढून घेण्यांत आली आणि ‘अपवादात्मक परिस्थिति’ असल्यासच रजा मिळेल, असें ठरलें. लोकांत असंतोष माजला. २०१४ च्या फेब्रुवारींत, लाखाहून अधिक सह्या असलेल्या अर्जावरून, सुटींतील भाववाढीचा प्रश्न पार्लमेंटमध्यें चर्चिला गेला. परंतु भावांवर मर्यादा घालण्यास सरकार तयार झालें नाहीं. त्यानंतर आइल ऑफ वाइट या बेटावरील एका गृहस्थानें २०१५ च्या एप्रिलमध्यें आपल्या मुलीस शाळा चालू असतांना अमेरिकेंतील फ्लॉरिडास नेलें. त्यास झालेला दंड देण्याचें त्यानें नाकारलें. ‘नियमितपणें’ शाळेंत जाणें म्हणजे काय, या एका शब्दावर खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. खालच्या न्यायालयांनीं बापाच्या बाजूनें कौल दिला होता; परंतु २०१७ च्या एप्रिल महिन्याच्या ६ तारखेस सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, नियमितपणें म्हणजे शाळेच्या नियमांप्रमाणें; मुलाची एरवींची हजेरी चांगली आहे, एवढ्यानें भागत नाहीं. २०२४ च्या ऑगस्टपासून हा दंड प्रत्येक मुलामागें प्रत्येक पालकास ८० पौंड, आणि एकवीस दिवसांत न भरल्यास १६० पौंड असा करण्यांत आला.

येथें एक चमत्कारिक गोष्ट घडते. आईबाप आणि दोन मुलें यांचा दंड ८० पौंडांप्रमाणें ३२० पौंड होतो. लंडन–मुंबई प्रवासांत चार तिकिटांमागें सुटीच्या आणि बिनसुटीच्या दिवसांतील फरक याहून अधिक असूं शकतो. मग दंड हा दंड न राहतां भाड्याचाच एक भाग म्हणून हिशेबांत धरला जातो. कायद्याची जरब ज्यास पैसे आहेत त्यावर कमी आणि ज्यास नाहींत त्यावर अधिक, असा प्रकार होतो.

मी पस्तीस वर्षें वर्गांत हजेरी घेतलेली आहे. म्हणून शिक्षकाची बाजू मला ठाऊक आहे. एक मूल आठ दिवस गेलें तर त्याचे अपूर्णांक बुडतात आणि तें परत आल्यावर शिक्षकास तेच अपूर्णांक पुनः शिकवावे लागतात. दहा मुलें निरनिराळ्या आठवड्यांत गेलीं तर वर्ग म्हणून कांहीं उरतच नाहीं. त्यामुळें सर्वोच्च न्यायालयाचें म्हणणें मला चुकीचें वाटत नाहीं. परंतु परदेशीं वाढणाऱ्या मुलासाठीं आजोळच्या ओसरीवर घालविलेले दिवस हेंहि एक शिक्षण आहे, आणि तें कोणत्याहि शाळेच्या वेळापत्रकांत नाहीं. सहल आणि आप्तांची भेट या दोहोंस एकच दंड लावणारा नियम मला अपुरा वाटतो.

हा प्रश्न आपल्या मराठी घरांशीं कसा येऊन भिडतो, तें पहा. लंडनमध्यें महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. अमेरिकेंत १९६५ च्या कायद्यानें दारें उघडल्यानंतर मराठी डॉक्टर आणि इंजिनियर मोठ्या संख्येनें गेले. त्यांचीं मुलें आणि नातवंडें सुटी लागल्यावर येतात. इंग्लंडमधील मुलें येतात तीं जुलैच्या अखेरीस. तेव्हां आंबा संपलेला असतो, गांवचीं भावंडें शाळेंत गेलेलीं असतात, आणि बाहेर संततधार चालू असते. गणपति बसण्यापूर्वीं किंवा बसतां बसतां परतीची तारीख येते. दिवाळीच्या दिवसांत त्यांना मिळाली तर आठवड्याची सुटी. अशा कित्येक मुलांच्या मनांतील महाराष्ट्र हा केवळ पावसाळ्यांतील महाराष्ट्र आहे. आणि त्या सहा आठवड्यांसाठीं त्यांच्या आईबापांनीं वर्षांतील सर्वांत चढें भाडें मोजलेलें असतें. भाडें फारच चढलें म्हणजे ‘पुढल्या वर्षीं येऊं’ असें ठरतें. म्हाताऱ्या माणसांच्या बाबतींत पुढलें वर्ष हें कांहीं पक्कें तिकीट नव्हे.

तर मग या इतिहासापासून संसारी माणसानें काय घ्यावें? पहिली गोष्ट, ऐन वेळीं तिकीट स्वस्त मिळतें, ही समजूत स्कायट्रेनच्या काळाची आहे. ती रिकाम्या हंगामांत कधीं खरी ठरेल. सुटीच्या हंगामांत नाहीं. लिटलवुड यांच्या गणितानें स्वस्त जागा आधीं बंद होतात, म्हणून सुटीचें तिकीट शाळेचें पंचांग हातीं येतांच पाहूं लागावें. दुसरी गोष्ट, आठवड्याचा वार आणि सुटीचा कांठ. शाळा बंद होतांच पहिल्या शनिवारीं निघण्याऐवजीं चार-पांच दिवसांनीं, मधल्या वारीं निघावें. आणि शाळा उघडण्याच्या आदल्या रविवारीं पोहोंचण्याचा हट्ट न धरतां आठवडाभर आधीं परतावें. चार दिवस कमी झाले तरी चार माणसांच्या भाड्यांत मोठा फरक पडूं शकतो. तिसरी गोष्ट, मध्यें उतरणें. ‘मलबार प्रिन्सेस’ कैरोस उतरे तें तेलासाठीं. आज उतारू दुबई, दोहा किंवा इस्तंबूल येथें विमान बदलतो तो बहुधा भाड्यासाठीं. लॉफ्टलायडिरचा जुना नियम येथेंहि लागू आहे. मात्र लहान मुलें बरोबर असतांना मध्यरात्रीं पांच तासांच्या मुक्कामाची किंमतहि हिशेबांत धरावी, आणि दोन्हीं टप्पे एकाच तिकिटावर असावे. म्हणजे पहिलें विमान उशिरा पोहोंचल्यास पुढची सोय करण्याची जबाबदारी कंपनीवर राहते.

चौथी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. गर्दीला दिशा असते. जुलैच्या अखेरीस लंडनहून मुंबईकडे लोंढा येतो आणि ऑगस्टच्या अखेरीस तो उलट वाहतो. एप्रिल-मे महिन्यांत आपल्या शाळांना सुटी असल्यानें मुंबईहून युरोपकडे लोंढा असतो. नोकरींतून निवृत्त झालेल्या माणसास कोणत्याहि शाळेचें पंचांग बांधलेलें नसतें. मुलांनीं दर वर्षीं यावें असा आग्रह धरण्याऐवजीं, प्रकृति धड असेपर्यंत एखाद्या वर्षीं आजीआजोबांनींच जावें. आणि तेंहि शाळा चालू असतांना, दोन्हीं लोंढे टाळून. चार तिकिटांच्या जागीं दोन तिकिटें, आणि तीं स्वस्त हंगामाचीं. नातवंडें दिवसा शाळेंत असतील. पण सकाळीं डबा भरून देणें आणि सायंकाळीं दाराशीं वाट पहात उभें राहणें, यांतहि भेटीचा आनंद उणा नाहीं. मराठी तर त्या सायंकाळींच शिकविली जाते.

हे झाले घरापुरते उपाय. खरा उपाय समाजाच्या हातीं आहे, आणि तो लँकेशायरच्या गिरणी-गांवांना शंभर वर्षांपूर्वीं ठाऊक होता. सर्वांनीं एकाच दिवशीं निघावयाचें ठरविलें तर कोणत्याहि गणितानें सर्वांस स्वस्त जागा मिळणार नाहीं. शाळांच्या सुट्या प्रदेशवार थोड्या पुढेंमागें करणें हें विमानें वाढविण्यापेक्षां सोपें आणि भाड्यांवर कायदे करण्यापेक्षां शहाणपणाचें आहे. जर्मनीसारखा देश तें साठ वर्षें करीत आला आहे. विमान कंपन्यांना दोष देऊन आपण मोकळे होतों. पण त्यांचें गणित हें आपल्याच एकसारख्या पंचांगाचें प्रतिबिंब आहे. तें पंचांग माणसांनीं ठरविलेलें आहे, आणि माणसांना तें बदलतां येतें. तोंपर्यंत ज्यांचीं मुलें दूर देशीं आहेत त्यांनीं शाळांच्या सुट्यांची यादी भिंतीवरच्या दिनदर्शिकेशेजारीं लावून ठेवावी, आणि जें वर्ष आपल्या हातीं आहे त्या वर्षींच भेटीचा बेत पक्का करावा.